मार्चच्या मतदानाआधी

तुला अनेक आशीर्वाद.

ग्रीन कार्ड हातात पडलं, छान झालं. व्हरमॉन्ट राज्यातल्या तुझ्या बर्लिंग्टन शहराच्या निवडणुकीत आता मत देता येईल का, हे तू विचारलंस. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून हे पत्र.

आधी सावधगिरीचं. 2015 मध्ये बर्लिंग्टनच्या मतदारांनी नागरिक नसलेल्यांना मताधिकार द्यायला नकार दिला होता. 2023 च्या मार्चमध्ये त्यांनीच होकार दिला. पण व्हरमॉन्टमध्ये शहराची सनद, म्हणजे शहराच्या कारभाराचा मूळ कायदा, बदलायची तर राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. राज्यपाल फिल स्कॉट यांनी नकाराधिकार वापरला, विधिमंडळाने तो मोडीत काढला आणि 2024 पासून कायदेशीर रहिवाशांना शहरापुरतं मत मिळालं. शहरापुरतंच, राज्याच्या किंवा देशाच्या निवडणुकीत नाही. नागरिक नसलेल्या मतदारांची यादीही वेगळी असते. गाडीचं लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, तिथे ‘नागरिक आहे’ या चौकटीत चुकूनसुद्धा खूण करू नकोस. त्या एका खुणेपायी पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडकतो, देश सोडायची पाळीही येऊ शकते. या नियमांवर कोर्टकज्जे होत असतात. तेव्हा चर्च स्ट्रीटवरच्या सिटी हॉलमध्ये जाऊन सिटी क्लर्ककडे यंदाचा नियम काय आहे ते विचार. मित्रांच्या ऐकीव माहितीवर विसंबू नकोस.

आता मूळ मुद्दा. टीव्हीवर वॉशिंग्टनचं राजकारण बघून तू ‘इथे सगळे डेमोक्रॅटच’ असं म्हणालास. अध्यक्षपदाच्या निवडणुकीपुरतं ते खरं आहे. शहरात मात्र खरी चुरस बहुतेक वेळा डेमोक्रॅट आणि प्रोग्रेसिव्ह (व्हरमॉन्टमधला डाव्या विचारांचा पक्ष) यांच्यात असते, आणि 1993 ते 1995 या काळात महापौर रिपब्लिकन होता. इथलं मत समजून घ्यायचं तर पक्षाच्या आधी वॉर्ड बघ. सुमारे 45 हजार वस्तीचं शहर, 8 वॉर्ड. दोन-दोन वॉर्ड जोडून 4 डिस्ट्रिक्ट. प्रत्येक वॉर्डाचा एक आणि प्रत्येक डिस्ट्रिक्टचा एक, म्हणजे 12 नगरसेवक, आणि प्रत्येक मतदाराचे दोन. वॉर्ड 4 आणि 7 म्हणजे न्यू नॉर्थ एंड: स्वतःची घरं, वयस्कर माणसं, मालमत्ता कर वाढला की पहिला आवाज तिथून. ओल्ड नॉर्थ एंडमध्ये भाडेकरू जास्त, नेपाळी बोलणारी भुतानी कुटुंबंही तिथे आहेत, आणि प्रोग्रेसिव्हांचा जोर तिथलाच. वॉर्ड 8 विद्यार्थ्यांचा. डोकी भरपूर, मतं थोडी.

2009 ची महापौर निवडणूक नीट अभ्यास. मतदान पसंतीक्रमाचं होतं, आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात असतं तसं, 1-2-3 आकडे लिहायचे. पहिल्या पसंतीत रिपब्लिकन कर्ट राइट 2,951, प्रोग्रेसिव्ह बॉब किस 2,585, डेमोक्रॅट अँडी माँट्रॉल 2,063. मागे पडलेले उमेदवार एकेक करून बाद होत गेले; शेवटी माँट्रॉल बाद झाल्यावर त्यांची मतं पुढच्या पसंतीप्रमाणे वाटली गेली आणि किस 4,313 विरुद्ध 4,061 असे जिंकले. गंमत म्हणजे, त्याच मतपत्रिकांवरून दोघा-दोघांची समोरासमोर लढत लावून पाहिली तर माँट्रॉल यांनी दोघांनाही हरवलं असतं! पाठोपाठ बर्लिंग्टन टेलिकॉम या शहराच्या स्वतःच्या कंपनीत नगरपालिकेचे सुमारे 1 कोटी 70 लाख डॉलर अडकल्याचं बाहेर आलं. राग होता किस यांच्यावर, निघाला मतदानाच्या पद्धतीवर. 2010 मध्ये 3,972 विरुद्ध 3,669 मतांनी ती रद्द झाली. तेव्हाच्या 7 वॉर्डांपैकी फक्त दोघांत रद्द करण्याची बाजू पुढे होती, पण ते दोन राइट यांचे बालेकिल्ले होते आणि तिथून मतं भरभरून पडली. पाच वॉर्डांतली आघाडी त्यात वाहून गेली. (तीच पद्धत आता परत आली आहे, हे वेगळं.)

मत थोडी माणसं देतात, म्हणून असं होतं. 1981 मध्ये बर्नी सँडर्स पाच वेळा निवडून आलेल्या गॉर्डन पॅकेट यांच्याविरुद्ध महापौर झाले ते फेरमोजणीनंतर 10 मतांनी. पण खुर्ची मिळाली म्हणून कारभार हातात आला नाही. बोर्ड ऑफ आल्डरमेनने, म्हणजे तेव्हाच्या नगरसेवकांच्या मंडळाने, त्यांनी नेमलेली माणसं नाकारली. आपल्याकडे महापौराला मान असतो आणि कारभार आयुक्त बघतात. इथला महापौर स्वतः कारभारी असतो, तरी नगरसेवक विरोधात गेले की त्याचे हात बांधले जातात. म्हणून महापौराच्या नावावर सगळं लक्ष देऊन खालच्या नावांवर अंदाजाने खूण करू नकोस. त्याखालचे कराचे, कर्जरोख्यांचे, सनदेतल्या बदलांचे प्रश्न तर घरीच वाचून जा. भाडेकरूलाही कर लागतोच, भाड्यातून.

मतदान मार्चच्या पहिल्या मंगळवारी. त्याआधी एकदा तरी तुझ्या वॉर्डाच्या नेबरहूड प्लॅनिंग असेंब्लीला, म्हणजे रहिवाशांच्या सभेला, जाऊन बस. 1982 पासून या सभा चालू आहेत. उमेदवार तिथे येतात, आणि बर्फ कधी उचलणार, भाडं का वाढलं, असले साधे प्रश्न लोक त्यांना तोंडावर विचारतात. पहिल्या सभेत तू बोलू नकोस. कोण कोणाच्या शेजारी बसतं आणि कोणाच्या बोलण्यावर कोण मान डोलावतं, तेवढं बघ.

तुझा पत्ता कुठल्या वॉर्डात येतो ते शोध आणि कळव. त्या वॉर्डाचे मागच्या दोन निवडणुकांचे आकडे मिळाले तर सोबत पाठव, मग फोनवर बोलू.

तुझा,
काका