हे वाचून मुलगी ‘तशी’ होईल का?

गेल्या काही वर्षांत पालकांचा एक प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, आणि तो विचारताना बहुतेकांचा आवाज आपोआप खाली जातो. मुलाच्या दप्तरात किंवा गादीखाली दोन मुलांच्या, नाहीतर दोन मुलींच्या प्रेमाची गोष्ट सापडलेली असते. ‘असलं वाचून आमचं मूल तसं होईल का?’ याच्या पोटात दुसराही एक प्रश्न असतो, तो फारसं कुणी बोलून दाखवत नाही : ‘का आधीच तसं आहे, म्हणून हे वाचतंय?’

सांगलीकडचे एक गृहस्थ हाच प्रश्न घेऊन आले होते. (ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत, आणि बापलेक दोघांना विचारूनच लिहिते आहे.) सरकारी खात्यात अभियंता, बोलणं मोजकं, मुलगी नववीत. पुस्तक त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं. ॲलिस ओसमन यांचं ‘हार्टस्टॉपर’, पहिला भाग. इंग्लंडमधल्या मुलांच्या शाळेत शिकणारा चार्ली आणि त्याच्या शेजारी बसणारा, रग्बी खेळणारा निक यांची ही चित्रकथा. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर तिची मालिका आली आणि आपल्याकडच्या आठवी-नववीच्या वर्गांतही ही नावं ओळखीची झाली.

“मॅडम, मुलगी असून दोन पोरांची प्रेमकथा कशाला वाचते?” हा त्यांचा पहिला प्रश्न. खरं तर हा प्रश्न चांगला आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलींमध्ये अशा गोष्टी वाचणाऱ्या पुष्कळ आहेत. त्यांच्याशी बोलताना मला जाणवतं ते असं, की या गोष्टींत कुणी मुलगीच नसते, त्यामुळे ती कशी दिसते, किती वाजता घरी येते, लोक काय म्हणतील, याचा काच वाचणारीला होत नाही. प्रेम म्हणजे काय ते तिला जरा लांबून, निवांत बघता येतं. काही जणींना त्यात स्वतःचंही काही सापडतं. काही जणी वर्गात सगळ्या वाचतात म्हणून वाचतात. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून यातलं कुठलं कारण ते कळत नाही.

गृहस्थांनी माझ्याकडे तीन गोष्टी मागितल्या. मुलीशी बोलून मी त्यांना ‘रिपोर्ट’ द्यावा. पुस्तक वाईट आहे हे तिला माझ्या तोंडून कळावं. आणि काही औषधपाणी असेल तर लवकर सुरू व्हावं, दहावीच्या आत.

औषधाचं उत्तर सगळ्यात सोपं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीरपणे सांगितलं. ‘बदलून देतो’ म्हणून उपचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवणारं पत्र राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना पाठवलं. त्यामागे मद्रास उच्च न्यायालयाचा खटला होता. त्यातले न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी निकाल देण्याआधी, आपल्याला हा विषय नीट कळत नाही असं म्हणून स्वतः एका मानसतज्ज्ञाबरोबर बसून तो समजून घेतला होता. हे ऐकल्यावर गृहस्थ जरा सैलावले. जज्जसाहेबांनाही शिकावं लागलं, मग आपल्याला कमीपणा कसला, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं.

रिपोर्टला मी नाही म्हटलं. मुलीच्या जिवाला धोका वाटला, किंवा तिला कुणी त्रास देतंय असं कळलं, तर ते मला सांगावंच लागेल; त्यापलीकडे ती जे बोलेल ते तिचं राहील. हीच अट मी तिलाही त्यांच्यासमोर सांगितली. आत आल्यावर ती बराच वेळ बोलली. काय बोलली ते मी तिच्या वडिलांना सांगितलं नाही, आणि इथेही सांगणार नाही. वाचणाऱ्यांना चुटपुट लागेल, पण इलाज नाही. ती ‘तशी’ आहे की नाही, या प्रश्नाच्या दोन्ही उत्तरांत बापाने करायच्या गोष्टी त्याच होत्या.

एक गोष्ट मात्र तिनेच सांगायला सांगितली. पुस्तक तिचं नव्हतं, मैत्रिणीचं होतं. वडिलांनी ते काढून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्यामुळे तिला परत करता येत नव्हतं. घरी पकडलं गेलं हे सांगायची लाज, म्हणून तिने ‘हरवलं’ म्हणून टाकलं, आणि मैत्रीण बोलायची बंद झाली. आईला हे पुस्तक घरात आहे हे आधीपासून माहीत होतं, हेही त्यातच बाहेर आलं. आई त्यावर काही बोलली नव्हती, बहुधा तीही वाचत होती.

तेव्हा पहिलं काम ठरलं ते पुस्तक परत करण्याचं. पण त्याआधी मी गृहस्थांना ते वाचायला सांगितलं. चित्रकथा आहे, दोन तासांत होते. त्यांनी पहिला भाग वाचला, दुसरा मागवून घेतला आणि पुढच्या भेटीला कागदावर मुद्दे काढून आले. अभियंत्याला शोभेल असंच.

दुसऱ्या भागाच्या शेवटी निक आपल्या आईला सांगतो की चार्ली नुसता मित्र नाही. आई रागावत नाही, त्याला जवळ घेते. गृहस्थांचा पहिला मुद्दा यावर होता : “ही आई फार पटकन मान्य करते हो. आपल्याकडे असं कुठं होतं?” मला हे पटलं. ज्या घरात आजी, काका, भावकी, मुलीचं लग्न हे सगळं एकाच छपराखाली आहे, तिथे त्या आईचं बोलणं जरा परग्रहावरचं वाटतं. भारतातल्या शाळेत घडणारी हिमांजली संकर यांची ‘टॉकिंग ऑफ मुस्कान’ ही इंग्रजी कादंबरी २०१४ ची. ती सुरूच होते मुस्कानच्या आत्महत्येच्या प्रयत्नापासून, आणि तिचे तीन वर्गसोबती आळीपाळीने गोष्ट सांगतात. ती आपल्या जास्त जवळची आहे, पण सोसायलाही जड आहे. मराठीत सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ मध्येच आली. भाऊ आणि बहीण घरात राहायला आलेल्या एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. कादंबरी उत्तमच, पण ती मोठ्यांची आहे. चौदा वर्षांच्या मुलाला देता येईल असं मराठी पुस्तक कुणी मागितलं, की माझं कपाट लगेच संपतं. मुलं इंग्लंडकडे वळतात ती काही हौस म्हणून नाही.

त्यांचा दुसरा मुद्दा मला अजून आठवतो. “शेवट वाईट असता तर मी इतका घाबरलो नसतो. गोड आहे, म्हणूनच भीती वाटते.”

इतक्या सरळपणे हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, लेखकांनीही कित्येक वर्षं हाच विचार केला. अमेरिकेत १९६९ मध्ये जॉन डोनोवन यांची किशोरांसाठीची एक कादंबरी आली. त्या वयाच्या वाचकांसाठी हा विषय काढणाऱ्या पहिल्या कादंबऱ्यांमध्ये ती धरतात. दोन मुलं एकमेकांच्या जवळ येतात, आणि पुढे त्यातल्या एकाचा लाडका कुत्रा गाडीखाली सापडून मरतो. आपण केलं त्याचीच ही शिक्षा, असं त्या मुलाला वाटत राहतं. पुढची कितीतरी वर्षं अशा पात्रांच्या वाट्याला अपघात, मृत्यू किंवा एकटेपणच आलं. आपल्या रंगभूमीवर १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ आलं. स्त्रीवर प्रेम करणारी नायिका त्या काळात मंचावर उभी करणं ही मोठी हिंमत होती, पण मित्रा शेवटी जीव देते. १९८२ मध्ये नॅन्सी गार्डन यांनी दोन मुलींच्या प्रेमाचा शेवट सुखाचा केला, तर १९९३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत त्या पुस्तकाची प्रत लोकांनी जाहीरपणे जाळली. म्हणजे गोड शेवटाला घाबरणारे तुम्ही पहिले नाही.

पण वाईट शेवटांनी साधलं काय? माझ्याकडे पन्नाशी-साठीचे लोकही येतात. संसार झालेला, मुलं मोठी, आणि पहिल्यांदा कुणाजवळ तरी बोलताहेत. या लोकांनी आयुष्यभर शाळेच्या धड्यांपासून हिंदी सिनेमापर्यंत नायक-नायिकेच्याच गोष्टी पाहिल्या, वाचल्या. गोष्टींनी ओढा बदलत असता, तर ते कधीच बदलले असते. ओढा तसाच राहिला, आणि आपल्यासारख्यांचं पुढे काय होतं याचं एकच चित्र त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. त्यातल्या काहींनी विशीत ते चित्र खरं करायचा प्रयत्नही केला होता. हे सांगितल्यावर गृहस्थ कागदाची घडी घालत राहिले, तिसरा मुद्दा त्यांनी काढलाच नाही.

पुस्तकांच्या बाबतीत पालकांची काही काळजी मात्र रास्त असते, आणि ती मी उडवून लावत नाही. याच मालिकेच्या पुढच्या भागांत चार्लीचं जेवण तुटतं, तो स्वतःला इजा करून घेतो. एखाद्या मुलाचं स्वतःचंच मन त्या काठावर असेल, तर ती पानं त्याने एकट्याने वाचू नयेत. मोबाइलवर कुणीही लिहून टाकलेल्या, लैंगिक वर्णनांनी भरलेल्या गोष्टी आणि तिथल्या गप्पांत वय लपवून शिरलेली माणसं, हा धोका तर फारच खरा आहे. पण तो मुलगा-मुलीच्या गोष्टींतही तितकाच आहे. गोष्टीत कोण कुणावर प्रेम करतं यावरून तो ओळखता येत नाही. वयाला काय झेपेल हे बघावं, आणि त्यासाठी आधी आपण वाचावं लागतं. बहुतेक पालक इथेच अडतात.

गृहस्थांना मी एक प्रश्न करायची बंदी घातली : ‘तू तशी आहेस का?’ चौदा वर्षांच्या मुलीला कदाचित स्वतःलाच माहीत नसतं. माहीत असलं, तरी बापाच्या धाकाने दिलेलं ‘नाही’ नंतर तिलाच निस्तरावं लागतं. त्याऐवजी गोष्टीबद्दल विचारा. निक आईला सांगतो ते तुला पटलं का? चार्लीला त्रास देणाऱ्या पोरांचं शाळेने काय करायला हवं होतं? असं बोलताना तुमचंही मत तिला कळतं. घरात अशा माणसाबद्दल कोणत्या सुरात बोललं जातं, हे मूल बारीक कान देऊन ऐकत असतं, टीव्हीपुढे सहज मारलेला शेरासुद्धा. गृहस्थ म्हणाले, “आमच्या बंधूंचं तोंड कोण धरणार?” मी म्हटलं, धरू नका, पण त्यांच्या शेऱ्यावर तुम्ही हसलात की नाही, हे मुलगी बघणार.

पुस्तक त्यांनी मुलीच्या हाती परत दिलं, आणि ‘बाबांनी काढून घेतलं होतं असं मैत्रिणीला सरळ सांग’ म्हणाले. हे मी सुचवलेलं नव्हतं. मैत्रिणीशी बोलणं पुन्हा सुरू झालं. नक्की काय ते कळावं ही त्यांची इच्छा काही गेली नाही. दर भेटीत उठताना ते “बाकी तसं काही…” एवढं म्हणून थांबायचे, आणि मी “ते तिचं आहे, तिला सांगावंसं वाटलं तर सांगेल” म्हणायचे. मग ते चपला घालायचे.

शेवटच्या भेटीला ते तिसरा आणि चौथा भाग आधी स्वतः वाचून, कुठली पानं जड आहेत तिथे कागदाचे कपटे घालून घेऊन आले. माझ्यासमोरच मुलीला म्हणाले, “बाळा, ही पानं आधी आपण दोघं मिळून बघू, मग तू वाच.” तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कपट्यांकडे, आणि हसू आवरत म्हणाली, “बाबा, हे सगळं इंटरनेटवर फुकट आहे. मी आठवीतच वाचलंय. पण चालेल, बघू या.”