टँकरच्या गावात पाण्याचं काम लोकांनी मिळून करायचं, तर सुरुवात कधी आणि कशी करावी?

तुमच्या गावात दर उन्हाळ्यात टँकर येतो आणि पाणलोटाच्या कामासाठी ग्रामसभा आत्ता, मेमध्येच बोलवावी का, असं तुम्ही विचारलंय. मेमध्ये नको. आम्ही ते करून बसलोय. देवळात बैठक बोलावली, बंधाऱ्याचं नाव काढलं आणि तासभर भांडण झालं ते 'खालच्या आळीला दोन खेपा, आम्हाला एकच का' यावर. हंडा रिकामा असताना पुढच्या वर्षीचं पाणी कुणाला सुचणार?

मेमध्ये फक्त विहिरी मोजा. आम्ही सुतळीला हातहातावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि दर अमावास्येला सात विहिरींचे आकडे देवळाच्या भिंतीवर खडूने लिहिले. लोक येता-जाता वाचायला लागले. 'माझी विहीर का नाही घेतली?' म्हणत एक जण भांडायला घरी आला, तेव्हा म्हटलं, आता बैठक लावायला हरकत नाही.

ती लावली पाऊस सरल्यावर, रब्बीच्या पेरणीआधी. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावातही पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती पाणी आलं आणि किती लागेल याचा हिशोब, मांडूनच पिकं ठरवतात. हिशोब सोपा आहे. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. शिवार ६०० हेक्टर आणि पाऊस ४५० मिलिमीटर धरला, तर २७० कोटी लिटर. एवढं पडतं आणि आपण टँकर मागतो! (सगळं मुरत नाही, हेही तिथेच सांगा, नाहीतर कुणीतरी उसाची बेणी आणायला निघेल.) वेळ रात्री जेवणं झाल्यावरची ठेवा. सकाळी दहाला बायका येत नाहीत आणि पाणी तर त्याच भरतात.

चर खणायला माणसं मिळतात, निदान फोटोपुरती. अडतं ते बोअरपाशी. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले, पण ते पहिल्याच सभेत मागायला जाऊ नका. ज्याच्या बोअरला पाणी आहे, त्याच्या ओट्यावर आधी चार वेळा चहा प्या. सभेत कोंडीत धरलंत तर तो मान डोलावेल आणि रात्री मोटर चालू करेल. म्हणूनच मतदान टाळा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय सर्वसहमतीने होतात. वेळ लागतो, लागू द्या.

पहिलं काम छोटंच घ्या. आम्ही फेब्रुवारीत जुन्या नालाबांधातला गाळ काढला. ज्याला हवा त्याने आपल्या ट्रॅक्टरने न्यावा, एवढीच अट. पहिल्या दिवशी दोन ट्रॅक्टर आले, चौथ्या दिवशी नंबर लावावे लागले.