विद्यापीठं असताना विज्ञान आणि मानव्यविद्यांसाठी वेगळी राष्ट्रीय अकादमी कशाला हवी?

एका माणसाच्या नोकरीत न संपणाऱ्या कामासाठी हवी. फेलो, म्हणजे सभासद, निवडणं, पदकं देणं, सरकारला सल्ला देणं हे सगळं माझ्या मते दुय्यम आहे. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, 'करदात्यांचे पैसे जुन्या कागदांवर कशाला?' ते वाचून राहवलं नाही. हे वाक्य मी आमच्या घरातच वर्षानुवर्षं ऐकत आले आहे.

इतिहासात एमए करून मी मोडी शिकले आणि एका संस्थेत मराठेशाहीतल्या कारभारी शब्दांच्या कोशावर कंत्राटी कामाला लागले. संस्थेचं नाव लिहीत नाही. मोडी कागद वाचायचा, शब्द चिठ्ठीवर घ्यायचा, तो ज्या वाक्यात आलाय ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, खाली रुमालाचा, म्हणजे कागदांच्या गठ्ठ्याचा, क्रमांक आणि तारीख. तारखेतच अर्धा दिवस जायचा. कागदावर असतं 'इसन्ने समानीन मया व अलफ', म्हणजे मराठेशाहीच्या कारभारात वापरल्या जाणाऱ्या सुहूर कालगणनेतलं ११८२ वं वर्ष, म्हणजे इसवी सन १७८१-८२. हे वर्ष मृगाला सुरू होतं, तारीख मुसलमानी महिन्याची, म्हणून जंत्री उघडल्याशिवाय इसवी तारीख ठरत नाही. शिवाय 'कमावीस' या महसुलाच्या कारभारातल्या शब्दाचा अर्थ पुण्याच्या आणि नागपूरकर भोसल्यांच्या कागदात एकच असेल असं धरून चालत नाही. दोन्हीकडचे दाखले शेजारी मांडावे लागतात.

अनुदान तीन वर्षांचं होतं. दुसऱ्या वर्षी पाहणीला समिती आली. एका सदस्यांनी विचारलं, "दिवसाला किती शब्द होतात?" आमच्या संपादकबाई म्हणाल्या, "आत्ता दाखले होतात. शब्द शेवटी होतात." पुढचा हप्ता आला नाही. चिठ्ठ्यांचे खोके राहिले, पण कोणती चिठ्ठी तपासलेली, कोणत्या खुणेचा अर्थ काय, हे ज्यांना ठाऊक होतं ते आम्ही सगळे पांगलो. एक जण बँकेत लागला, मी शाळेत.

थोरले भाऊजी रसायनशास्त्रातले. तेव्हा जेवताना म्हणाले, "अगं, बंद पडलं म्हणून कुणाचं काय अडलं? तेवढ्या पैशात प्रयोगशाळेला एखादं उपकरण आलं असतं." पुढे त्यांच्याच मुलाला विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप मिळाली. दोन महिने बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत राहून आला आणि पुढे संशोधनातच गेला. मला मनापासून आनंद झाला. पण माझ्या बीए इतिहासाच्या एखाद्या हुशार मुलीला दफ्तरखान्यात दोन महिने बसवणारी अशी अकादमी कुठे आहे, या माझ्या प्रश्नाचं उत्तर भाऊजींनी आजवर दिलेलं नाही.

कारण आपल्याकडे ती नाहीच. विज्ञानाला तीन आहेत: अलाहाबादची १९३० ची, बेंगळुरूची रामन यांनी १९३४ मध्ये काढलेली, आणि १९३५ ची, जिला आज इन्सा, म्हणजे भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी, म्हणतात. मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांना मुख्यतः अनुदान देणाऱ्या परिषदा आहेत, आणि साहित्य अकादमीचं क्षेत्र साहित्याचं. जर्मनीत अकादम्यांचा एक सामाईक कार्यक्रम आहे. केंद्र आणि राज्यं निम्मा-निम्मा खर्च उचलतात आणि प्रकल्पाची मुदत बारा ते पंचवीस वर्षं असते. म्युनिकला लॅटिनचा महाकोश १८९४ पासून चालू आहे, अजून संपलेला नाही, आणि म्हणून कुणी तो बंद केलेला नाही. संस्कृतचा सात खंडांचा पीटर्सबर्ग कोश एकोणिसाव्या शतकात छापला तो रशियाच्या विज्ञान अकादमीनंच.

भाऊजींना मी नेहमी महाभारताचं उदाहरण देते. चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली संहिता, काढायचा घाट आधी युरोपातल्या अकादम्यांच्या संघानं घातला होता. १९०८ मध्ये जर्मन संस्कृतपंडित ल्यूडर्स यांनी नमुन्याची पानंही छापली. पहिलं महायुद्ध आलं आणि ते राहिलं. १९१९ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेनं काम हाती घेतलं, औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लाख रुपये देऊ केले, आणि १९६६ मध्ये ते पुरं झालं. मध्ये १९४३ साली मुख्य संपादक सुखटणकर वारले, तरी काम थांबलं नाही. हे सुखटणकर मुळात केंब्रिजला गणित शिकलेले. भर्तृहरीच्या सुभाषितांची संहिता सिद्ध करणारे दामोदर कोसंबी तर आयुष्यभर गणितीच होते. विज्ञान आणि मानव्यविद्या यांच्यात भिंत घालणाऱ्यांनी ही दोन नावं आधी पाहावीत. आता औंध संस्थान नाही. तेवढा धीर धरणारा पैसा सरकारनंच द्यायला हवा.

आणि कुणाचं काय अडलं म्हणाल, तर २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणारी माणसं पुरेनात. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, नोंद वाचता आली पाहिजे की नाही? शाळेतून रजा काढून मीही गेले होते.

अकादमी झाली की सगळं सुरळीत होईल असं मात्र मी म्हणत नाही. अशा संस्था फेलोंच्या आपापसातल्या मंडळासारख्या होतात, बायका त्यात फार उशिरा आणि थोड्या येतात. सरकारची मर्जी फिरली तर २०१९ मध्ये हंगेरीत झालं तसं होतं, तिथल्या अकादमीकडून संशोधन संस्थाच काढून घेतल्या. आणि विज्ञान अकादम्या इतिहासाला अगदीच हात लावत नाहीत असंही नाही: इन्सा विज्ञानाच्या इतिहासाचं नियतकालिक १९६६ पासून चालवते, तेही सांगायला हवं.

एकच अकादमी की दोन, हेही तुम्ही विचारलंय. एकच. ब्रिटनमध्ये रॉयल सोसायटीत मानव्यविद्यांना जागा नव्हती म्हणून १९०२ मध्ये ब्रिटिश अकादमी वेगळी काढावी लागली. तसं आपल्याकडे झालं तर दुसरीच्या वाट्याला काय येईल ते मी जवळून पाहिलंय. एकच निधी, किमान वीस वर्षांची मुदत, आणि मधली पाहणी त्याच विषयात शाईनं हात काळे केलेल्या माणसांनी करायची.