बाहुलीच्या पार्टीतली बाटली

म्युनिकहून एका आईचं पत्र आलंय. लेक चार वर्षांची, किंडरगार्टनला जाते. वाढदिवसाला तिला शॅम्पेनचा लाकडी खेळण्यातला सेट मिळाला: बर्फाची बादली, हिरवी बाटली, दोन उंच ग्लास. "ताई, बाटलीचं बूचसुद्धा निघतं! परवा तिने टेडीच्या तोंडाला ग्लास लावला आणि म्हणाली, 'घे, दमलास ना आज?' मी सेट उचलून केलरमध्ये, म्हणजे तळघरात, टाकला. नवरा म्हणतो, मी फारच ताणते. तुम्ही सांगा." पुढे मराठी वाचन आणि सासूबाईंचा विमा, याबद्दलही विचारलंय.

अगं, खेळण्यावर राग काढलास, ठीक आहे. पण "दमलास ना आज?" हे वाक्य त्या खोक्यात आलं होतं का? ते तुमच्या सोफ्यावरचं आहे. शुक्रवारी लॅपटॉप मिटला की कोण म्हणतं ते, तूच आठव.

अमेरिकेत डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी २ ते ६ वर्षांच्या १२० मुलांना बाहुल्यांचं किराणा दुकान मांडून दिलं. बाहुलीकडे मैत्रीण येणार आहे, घरात खायला काही नाही, सामान घेऊन ये, एवढंच सांगितलं. सुमारे ६२ टक्के मुलांनी बिअर किंवा वाइन उचलली. ज्यांचे आईवडील महिन्यातून एकदा तरी पीत होते, त्या मुलांनी ती उचलण्याची शक्यता तिप्पट. हा अभ्यास २००५ चा. दुकान खोटं होतं, खरेदी घरातली होती.

तुमच्या जर्मनीत तर बाजारही मदतीला धावून येणार नाही. रॉबी बबलसारखी मुलांची फसफसणारी पेयं सेक्टच्या, म्हणजे फसफसणाऱ्या वाइनच्या, घाटाच्या बाटलीत मिळतात. बिअर-वाइन सोळाव्या वर्षी, आणि आईबाप सोबत असतील तर चौदाव्या वर्षीही कायद्यात बसते. आपण सगळे फँटमची गोड सिगारेट ओठात धरून धूर सोडायचं नाटक करत मोठे झालो. तंबाखूच्या जागतिक करारात, कलम १६ मध्ये, सिगारेटच्या आकाराची मिठाई आणि खेळणी बंद करण्याबद्दल निदान लिहिलंय तरी. दारूसाठी असा करारच नाही. मग राहतं कोण? आपण.

आणि आपण काय करतो? मंडळाच्या पार्टीत तीन वर्षांच्या पोराला "जा बाळा, काकांसाठी फ्रिजमधली बिअर आण" म्हणून पिटाळतो. तो दोन्ही हातांनी बाटली कवटाळून आला की सगळे खदखदून हसतात, कोणीतरी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतं. मग भारतातून आजी-आजोबा आले की त्याच बाटल्या गायब! माझ्या दिरांकडे हेच चालायचं. सासरे नाशिकहून आले की दिरांची व्हिस्की कोकमध्ये जायची. सहा वर्षांचा पुतण्या जेवताना म्हणाला, "आजोबा, तुम्ही आलात ना, की बाबांना कोक फार आवडायला लागतो." सासऱ्यांनी भाकरी मोडता मोडता म्हटलं, "मग मलाही दे की थोडा." त्यानंतर दिरांनी लपवणं सोडलं, आणि गंमत म्हणजे पिणंही बरंच कमी झालं. लपवलेलं मुलांना आधी दिसतं, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलेय.

तेव्हा सेट वर आण. शेजारी कपबशा मांड आणि लेकीला विचार, बाटलीत काय आहे? कोकम सरबत म्हणाली तर पी दोन घोट. वाइन म्हणाली तर ओरडू नकोस. मोठे पितात, पण अंगाला बरी नसते, एवढं सांग. ते खरंच आहे. सुरक्षित असं प्रमाणच नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय. नवऱ्याने बिअर घेतली तर तिला बिअरच म्हणावं, "बाबांचं औषध" नको. बिअरगार्टनमध्ये, म्हणजे उघड्यावरच्या बिअरच्या बागेत, बोट बुडवून चाखवणं तर अजिबात नको, मग आग्रह कोणीही करो. आणि दमलीस की तिच्यासमोर नुसती आडवी हो, चहा माग, चिडचिड कर. दमलेला माणूस आणखी काय काय करतो, हे तिला बघू दे की!

मराठी वाचनाचं म्हणशील तर चार वर्षांच्या मुलीला कसली अक्षरं गिरवायला लावतेस? झोपताना तू वाच, ती ऐकेल.

सासूबाईंचं: शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. जुन्या आजारांचं कलम मात्र तिकीट काढायच्या आधी नीट वाच.