दीपगृह का दीपस्तंभ, आणि कीपरला काय म्हणायचं?

ताई, तुम्ही विचारलं की पोरीच्या शाळेच्या हस्तलिखितात लाइटहाऊसवर लिहायचंय तर दीपगृह लिहू का दीपस्तंभ, आणि तिथल्या कीपरला मराठीत काय म्हणतात. आता आपल्या नागपुरात चौपाटी म्हणजे फुटाळा, त्यामुळे हे शब्द आपल्याला वाचूनच माहीत, त्यातला दीपस्तंभ तर बहुतेक सत्कार नाहीतर श्रद्धांजलीच्या बॅनरवरच दिसून राहतो. चूक नाहीये तो, पण मी म्हणीन दीपगृह लिहा. त्यात घर आहे, आणि तिथं माणसं खरंच राहायची. अलिबागजवळ खांदेरी बेटावर 1867 पासून दिवा आहे, मुंबईत कुलाब्याच्या टोकापुढे खडकावरचं प्राँग्ज 1875 चं, अशा जागी ड्युटी संपली म्हणून घरी जातो म्हटलं तर जाणार कुठं! जुन्या मुंबईत कुलाब्याच्या दिव्याला दांडी म्हणायचे, झकास शब्द, पण आता दांडी म्हटलं की ऑफिसच आठवतं.

कीपरचं जरा अवघड आहे. दीपगृहरक्षक लिहिलं की काठी घेऊन बसलेला वॉचमन डोळ्यापुढे येतो, आणि याचं काम तर भलतंच. तेल भरायचं, वात कापायची, काजळी पुसायची, लोडशेडिंगमध्ये आपण कंदिलाची काच राखेनं घासायचो ना तसंच, फक्त ही काच कधीकधी माणसाहून उंच. ती भिंगं फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरची, 1823 मध्ये फ्रान्समधल्याच कोर्दुआनच्या दीपगृहात पहिल्यांदा बसवली. भिंग फिरायचं ते लटकवलेल्या वजनावर, वजन हळूहळू खाली येणार आणि कीपरनं रात्रीतून उठून उठून हँडल फिरवून ते परत वर चढवायचं, कारण प्रत्येक दिव्याची लुकलुक वेगळी ठरलेली असते आणि भिंग थांबलं तर जहाजवाल्याला हा कुठला दिवा तेच कळणार नाही. दिवसा मात्र पडदे ओढून ठेवायचे, नाहीतर त्याच भिंगातनं ऊन एकवटून आत आग लागायची भीती. अमेरिकेत त्यांना विकी म्हणायचे, विक म्हणजे वात, त्यावरून.

म्हणून सरळ लाइटकीपर लिहा. गोष्ट असेल तर बत्तीवालाही गोड वाटेल. दीपपाल नको बाप्पा, एखाद्या राजाचं नाव वाटते.

आणि वात कापणारा आजही तिथं बसलाय असं नका लिहू, आता सगळं विजेवर. ब्रिटनमधलं माणसानं चालवलेलं शेवटचं दीपगृह, नॉर्थ फोरलँड, 1998 मध्ये ऑटोमॅटिक झालं. आपल्याकडे तर 1927 चा लाइटहाऊस ॲक्ट जाऊन 2021 मध्ये मरीन एड्स टू नेव्हिगेशन ॲक्ट आला, म्हणजे कायद्याच्या नावातनं हाऊसही गेलं आणि लाइटही.

लाइटशिप आलंच कुठं तर दीपनौका लिहा, टॉवर उभा करता येत नाही तिथं नांगरून ठेवलेली दिव्याची बोट ती.