पहिलीची शाळा ठरवण्याआधी दुसरीच्या वर्गात जाऊन ये

कोल्हापूर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

पोराला जूनमध्ये पहिलीत घालायचंय आणि घरात तीन मतं आहेत, एवढं पत्रावरून कळलं. सासूबाईंना पेठेतली महापालिकेची शाळा बरी वाटते, नवऱ्याला दारात बस येणारी इंग्लिश मीडियम हवी, आणि तुझ्या मनात घरीच शिकवायचं घोळतंय. तिघांचंही अगदीच चुकतंय असं नाही. पण तिघंही शाळेच्या पाटीवर बोलताय, वर्गात अजून कोणी गेलेलं नाही. सहा ते आठ या वयात मूल वाचायला शिकतं की नाही, हे त्याच्या वर्गावरच्या बाईंवर ठरतं. बोर्ड कुठलं, इमारत किती मजली, हे फार नंतरचं.

म्हणून आधी दुसरीच्या वर्गात जा. पहिलीत मुलं घरून किती शिकून आली ते दिसतं, दुसरीत शाळेनं काय केलं ते दिसतं. जानेवारी-फेब्रुवारी बरी वेळ. मुख्याध्यापकांना विचारून दहा मिनिटं माग. मागच्या बाकावरची तीन मुलं निवड (पुढची मुलं पाहुण्यांसाठी तयार असतात) आणि अजून न शिकवलेलं पान वाचायला दे. केंद्राच्या निपुण भारत कार्यक्रमात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत अशी अपेक्षा धरली आहे. मोबाईलवर वेळ लाव. तीस-पस्तीसच शब्द झाले, पण मूल अडखळून, मागं जाऊन स्वतःची चूक सुधारतंय, तर काळजी नको, ते वाचतंय. धडाधड म्हणतंय आणि बोट भलत्याच ओळीवर आहे, तर ते पाठ आहे. वाचून झालं की "यात काय झालं, सांग बघू" एवढंच विचार.

गणिताला एकच प्रश्न पुरे. "तीनशे सात लिही." दुसरीत ९९९ पर्यंतच्या संख्या यायला हव्यात. तीनपैकी दोघांनी ३००७ लिहिलं तर समज, की अंक पाठ करून घेतलेत, पण सुट्या काड्या आणि दहाचे गठ्ठे हातात दिलेले नाहीत.

मग एकाच विषयाच्या चार वह्या माग. चारही वह्यांत तेच वाक्य, त्याच शब्दांत असेल तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. चुकलेल्या शब्दावरही लाल बरोबरची खूण असेल तर वही साहेबांना दाखवायला तपासली आहे. तू शोधायचं ते असं: मुलाचं स्वतःचं वाकडंतिकडं वाक्य, त्यावर बाईंनी केलेली दुरुस्ती आणि खाली मुलानं पुन्हा लिहिलेला तोच शब्द. अशी दोन-चार पानं सापडली की पाटी काहीही असो, ती शाळा यादीत ठेव.

बऱ्याच खाजगी शाळा पालकाला वर्गात बसू देत नाहीत. मग शाळा सुटायच्या वेळी गेटवर थांब आणि तिसरी-चौथीच्या आयांना दोन गोष्टी विचार: यंदा वर्गशिक्षिका किती वेळा बदलल्या, आणि ट्यूशन कुठं लावलीय? पगार कमी असला की शिक्षिका वर्षाच्या मध्यात दुसरीकडं जातात, आणि सहा वर्षांच्या मुलाला नव्या बाईंशी जमवून घेण्यात दीड-दोन महिने जातात. अख्खा वर्ग पहिलीपासून ट्यूशनला जात असेल तर त्या फीमध्ये शिकवणं धरलेलंच नाही, असं समज.

महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत उलटं असतं. शिक्षक डी.एड. झालेला, परीक्षा देऊन आलेला, कायम नोकरीतला असतो. अडचण संख्येची. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि पुढं साधारण तीस मुलांमागं एक असं प्रमाण घातलंय. त्यामुळं पट चाळीसवर आला की चार वर्गांना दोनच शिक्षक उरतात. पहिली-दुसरी एकत्र बसवली तर चालतं, पहिली आणि चौथी एकत्र असेल तर पहिलीची मुलं नुसती रंगवत बसतात. म्हणून विचारताना "शाळा चांगली आहे का?" असं विचारू नको. "मंजूर पदं किती, आज हजर किती, तीन वर्षांचा पट किती?" असं विचार. निवडणूक, जनगणना आणि आपत्तीचं काम शिक्षकांना कायद्यानंच लागतं, ते कुठल्याच सरकारी शाळेत टळत नाही. त्या दिवसांत वर्ग कोण घेतं, हे मात्र विचारता येतं.

आणि सरकारी म्हणजे पडीक, असं कोल्हापुरात तरी कोणी म्हणू नये. जरगनगरच्या महापालिकेच्या शाळेत प्रवेशासाठी पालक रांगा लावतात. पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण फुकट. नियमानं पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. जेवणाच्या सुट्टीत जा आणि खिचडीत डाळ किती दिसते ते बघ. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. बहुतेक पालक सहीपुरतेच जातात. तू गेलीस तर तुझं म्हणणं ऐकून घ्यावंच लागेल.

तुमच्या भांडणात एक तिसरी शाळा कोणी धरलीच नाही: खाजगी अनुदानित. चालवणारी संस्था खाजगी, शिक्षकांचा पगार शासनाचा, फी किरकोळ. शहरातल्या कितीतरी जुन्या मराठी शाळा याच प्रकारातल्या आहेत. विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित या वेगळ्या, तिथं सगळा खर्च फीमधून निघतो. पाटीवर कळलं नाही तर ऑफिसात सरळ विचार. एकाच संस्थेच्या एकाच आवारात एक तुकडी अनुदानित आणि शेजारची विनाअनुदानित असू शकते, म्हणून "आमच्या मुलाची तुकडी कुठली?" हेही विचार.

आता बसवाली शाळा. आधी मान्यता बघ. शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक माग आणि तो सरकारी पोर्टलवर टाकून शाळा कुठल्या प्रकारची आहे ते पाहा. "सीबीएसई पॅटर्न" असं रंगवलेलं असेल तर संलग्नता क्रमांक माग, कारण पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. प्रवेशासाठी मुलाची किंवा तुमची मुलाखत आणि चाचणी घेणं कायद्याला मंजूर नाही, देणगी घेणंही नाही. देणगी घेतली तर दंड देणगीच्या दहापटीपर्यंत होऊ शकतो. पावती न देता पैसे मागणाऱ्या शाळेत पुढची दहा वर्षं काय होईल, याचा अंदाज तिथंच कर.

फीचा हिशेब नवऱ्यासमोर कागदावर मांड. पहिलीला ४०,००० रुपये फी आणि दरवर्षी सरासरी १० टक्के वाढ धरली, तर दहावीच्या वर्षी फी ९४,००० च्या वर जाते आणि दहा वर्षांची बेरीज ६ लाख ३७ हजारांच्या आसपास होते. त्यात बस, गणवेश, ठराविक दुकानातलीच वह्या-पुस्तकं आणि सहल धरलेली नाही. फी वाढवायची तर २०११ च्या फी नियमन कायद्याप्रमाणं पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं यावं लागतं, आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं तीच राहते. समिती कधी निवडली, कोणाकोणाची निवडली, हे ऑफिसात विचारलंस की शाळा किती सरळ आहे ते कळतं. सहावी-सातवीत फी झेपेना म्हणून शाळा बदलणं मुलाला फार जड जातं. ओढाताण होणार असेल तर आत्ताच नको म्हण.

शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी शाळांत ठेवलेल्या पंचवीस टक्के राखीव जागांमध्ये बसत असशील तर तो अर्ज जरूर कर. आर्थिक दुर्बल गटाला वर्षाला १ लाखाच्या आतला तहसीलदाराचा उत्पन्न दाखला लागतो, वंचित गटाला जातीचा. अर्ज बहुतेकदा दोन ठिकाणी फसतो. एक, नकाशावर घराची खूण चुकीच्या जागी पडते आणि अंतर बदलतं. दोन, भाड्यानं राहणाऱ्यांचा करार नोंदणीकृत नसतो. लॉटरी लागल्यावर एसएमएसची वाट बघत बसू नको, पोर्टल रोज उघड. आणि ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीला पूर्ण फी येते, त्याची तजवीज आजपासून करावी लागते.

भाषेचं स्पष्टच लिहितो. घरात रोज इंग्रजी बोललं-वाचलं जात नसेल तर पहिलीपासून पूर्ण इंग्रजी माध्यम मला पटत नाही. पहिली-दुसरी गोड जातात, कारण गाणी आणि सुटे शब्द असतात. तिसरीत परिसर अभ्यासाची उत्तरं वाक्यांत लिहायची वेळ येते. मुलाला गोष्ट मराठीत माहीत असते, पण इंग्रजीत मांडता येत नाही, म्हणून घोकंपट्टी सुरू होते. सेमी इंग्रजी हा इथला रुळलेला मार्ग आहे: गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. तोही कुठं फसतो ते बघून ठेव. बाई "ॲडिशन म्हणजे बेरीज" म्हणून प्रत्येक शब्दाचं नुसतं भाषांतर करत असतील तर ते सेमी नावापुरतंच आहे.

अंतराकडं लोक फारच हलक्यानं बघतात. पहिली ते पाचवीला कायद्यानं वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं हवं. बसमध्ये जाताना पाऊण तास आणि येताना पाऊण तास गेला, तर वर्षाचे ३०० तास खिडकीला डोकं टेकून गेले. बस शाळेपासून किती लांब जाते ते विचारू नको, तुझ्या मुलाचा थांबा कितवा ते विचार. गाडीत बाई मदतनीस आहे का, ते स्वतः चढून बघ. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा २०२४ चा शासन निर्णय आहे, तरी सव्वासातची बस असेल तर कारण विचार. आणि पावसाळ्याचं धर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. नदीपलीकडची शाळा घेतलीस तर पोर दुपारी पलीकडं अडकलं तर कोण घेईल, कुठं ठेवेल, हे नाव-नंबरासकट ठरवून ठेव.

आता तुझं घरी शिकवणं. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. आजच्या कायद्यात मुलाला शाळेत घालणं पालकाचं कर्तव्य म्हटलंय, पण दंड नाही, आणि घरी शिकवणाऱ्यावर कारवाईही होत नाही. मुळात शक्य आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला बसून शिकायला दिवसाला दोन-अडीच तास पुरतात, तेही वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत. बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. पुढं चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी देता येते. मध्येच शाळेत घालावंसं वाटलं तर वयाप्रमाणं वर्ग द्यावाच लागतो.

पण घरच्या शाळेचा कणा म्हणजे दिवसभर घरी असणारं एक मोठं माणूस. तू दुकान बघत शिकवणार असशील तर दिवाळीपर्यंत तास मागं पडतात, संक्रांतीपर्यंत बंद होतात. गिऱ्हाईक आलं की पाढा अर्धवट राहतो, त्याला कोणाचाच इलाज नाही. दुसरी अडचण सोबत्यांची: संध्याकाळचं मैदान किंवा तालीम रोज लागेल, आठवड्यातून एकदा नव्हे. तिसरी नवोदयची, म्हणजे केंद्राच्या निवासी शाळेची. कागलच्या नवोदयला सहावीत जायचं तर पाचवी जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत शिकत असलेल्या मुलांसाठी वाट सरळ आहे.

तुझी परिस्थिती बघता माझं मत असं: चालत दहा मिनिटांवरची महापालिकेची किंवा अनुदानित सेमी शाळा, जिथं दुसरीची मुलं वाचतात, ती चौथीपर्यंत घे. इंग्लिश मीडियमच्या फीतला जो फरक वाचेल तो दरमहा पोराच्या नावानं टाक आणि पाचवीला पुन्हा एकदा बसून ठरवा. घरी शिकवायची हौस संध्याकाळी अर्धा तास मोठ्यानं वाचून भागव, ती कुठल्याही शाळेला पूरकच आहे. जवळच्या दोन्ही शाळांत वर्ग वाईट निघाला आणि फी खरोखर झेपत असेल, तर नवऱ्याची शाळा घे. तेव्हा मला विचारायचीही गरज नाही.

वयाचं एक. आपल्याकडं पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण लागतात. पोराचा वाढदिवस नोव्हेंबर-डिसेंबरचा असेल तर जूनमध्ये तो साडेपाचचाच असेल. पेन्सिल धरताना मूठ वळवत असेल, वीस मिनिटं गोष्ट ऐकत नसेल, तर एक वर्ष बालवाडीतच ठेव. सीबीएसई शाळांची तारीख बहुधा वेगळी असते आणि वर्षही एप्रिलला सुरू होतं, ते त्यांच्याकडूनच लिहून घे.

शेवटी जनरल रजिस्टर. पहिलीला प्रवेश घेताना त्यात नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि जात जशी लिहिली जाते तशीच ती दाखल्यावर येते आणि पुढं जात पडताळणीला प्राथमिक शाळेचा हाच उतारा मागतात. घरी शिकवलंस तर ही नोंद लांबते, हेही लक्षात ठेव. प्रवेशाच्या दिवशी घाईत फॉर्म क्लार्ककडं देऊन येऊ नको. जन्मदाखला आणि आधारवरचं स्पेलिंग आधी जुळवून घे, फॉर्म स्वतःच्या हातानं भर, आणि रजिस्टरमध्ये नोंद झाली की ती ओळ वाचून बघितल्याशिवाय तिथून उठू नको.

तुझे
सर