अकरावी सायन्सला गणित आणि बायोलॉजी दोन्ही ठेवावेत का?

मुलीचं अजून काही ठरलं नसेल तर दोन्ही ठेवा. नीटला (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला) बायोलॉजी लागतं, इंजिनिअरिंगला गणित. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) आणि पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) असे दोन्ही ग्रुप देता येतात. मेडिकलच करायचं असेल तर गणिताऐवजी भूगोलासारखा विषय चालेल, अभ्यासाचा भार बराच हलका होतो.

इंजिनिअरिंग पक्कं असेल तर बायफोकल (व्यावसायिक) कॉम्प्युटर सायन्स बघा. २०० गुणांचा हा विषय दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांची जागा घेतो, आणि त्यातले १०० गुण प्रॅक्टिकलचे. जागा मोजक्या, फीही वेगळी, म्हणून प्रवेशाआधीच कॉलेजात चौकशी करा. क्लासवाल्यांच्या सांगण्यावरून मात्र विषय सोडू नका. त्यांना बॅच भरायची असते.